वाळूच्या पिशवीची कुळकथा

जालना जिल्ह्यात गुडघ्याचं किंवा मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेला माणूस घरी आला, की काही दिवसांत त्याच्या बाजेजवळ एक पिशवी येते. जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा, दोन्ही तोंडं दाभणानं शिवलेली, आत दुधना नदीची चाळलेली वाळू, बांधायला नाडी. वजन आधी अर्धा किलो, पुढे एक. ती घोट्याला बांधायची, खुर्चीवर बसून गुडघा सरळ करायचा, मनात आकडे मोजत पाय तसाच धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. दुकानात यासाठी वेल्क्रोचे पट्टे मिळतात, पण पिशवीनंही तेच काम होतं.

या पिशवीचं कूळ फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत तळहाताचं हाड मोडलेल्या रुग्णाला आधी मातीचा गोळा धरायला द्यावा आणि हाताला बळ आलं की दगड, असं सांगितलं आहे. हाड जुळलं म्हणजे हात बरा झाला असं नाही, आणि गेलेली ताकद ओझं पायरीपायरीनं वाढवूनच परत येते, या दोन्ही गोष्टी त्या उपचारात आहेत. पुढे गावोगावच्या हाडवैद्यांकडे बांबूच्या कामट्या आणि लेप टिकले, हा दगड मात्र मागे पडला. ‘हलवू नको’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

युरोपातही वेगळं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस मोडलेल्या हाडाला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी असं सांगत होते. त्याच काळात पॅरिसचे शल्यचिकित्सक ल्युका-शांपिओनिएर मालीश आणि लवकर हालचालीचा आग्रह धरत होते. पण आतलं हाड पक्कं धरून ठेवणारं काही नसताना हालचाल करणार कशी? १९४०च्या सुमारास जर्मनीत क्युंचर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा रॉड बसवला, १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये एओ या शल्यचिकित्सकांच्या गटानं प्लेट-स्क्रूचं शास्त्र बांधायला घेतलं, आणि रुग्णाला लवकर हलवण्याची सोय झाली. रॉड किंवा प्लेट टाकल्यावर डॉक्टर दुसऱ्याच दिवशी उठून बसायला सांगतात, ते याच जोरावर.

वजनाची गोष्ट शिकागोतली. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलात गुडघे जायबंदी झालेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असत. हलकं वजन अनेकदा उचलायचं, ही तेव्हाची रीत. थॉमस डीलॉर्म हा तरुण लष्करी डॉक्टर स्वतः वजनं उचलणारा होता. त्यानं सैनिकांच्या पायात लोखंडी बूट चढवले, त्यांना वजनाच्या चकत्या लावल्या आणि भार वाढवत नेला. १९४५ साली त्यानं हे छापून मांडलं. १९४८ साली आर्थर वॉटकिन्स यांच्यासोबत त्यानं पद्धत सोपी केली: दहा-दहा वेळांच्या तीन फेऱ्या, जेमतेम दहा वेळा उचलता येतं त्या वजनाच्या आधी निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. आज जिममध्ये पोरं ‘तीन सेट’ मारतात, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की ही रीत दुखऱ्या गुडघ्यांसाठी रुजली.

गुडघाच का? कारण सांध्याला सूज आली की मांडीचा पुढचा स्नायू दबतो. त्याला मिळणारा मज्जातंतूंचा इशाराच कमी होतो. माणूस जोर लावतो आणि पाय उचलत नाही. थोड्याच दिवसांत मांडी टेपनं मोजावी इतकी बारीक होते. म्हणून पिशवीच्याही आधी टॉवेलची गुंडाळी येते. ती गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघ्यानं खाली दाबायची. पाहणाऱ्याला पाय हललेला दिसतही नाही, पण स्नायू जागा होतो. या व्यायामाला कुणी क्षुल्लक समजू नये.

आपल्याकडे ही विद्या शिकवायला पोलिओच्या साथींनी भाग पाडलं. १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली; १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय पुनर्वसन संस्था आली. तिथून ही विद्या जिल्ह्याजिल्ह्यात पसरली.

जालन्यात आल्यावर तिला आणखी एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. “मांडी घालता येईल का?” निंदणारी बाई, पंगतीत बसणारा म्हातारा, कुणीही हेच विचारतं. चालायला गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी भागतं, खुर्चीवरून उठायला नव्वदच्या थोडं पुढे. उकिडवं बसायला मात्र एकशेतीसच्याही पुढे जावं लागतं. हाडाला रॉड-प्लेट असेल तर नेटानं व्यायाम करून अनेकांची मांडी परत बसते. कृत्रिम सांधा बसवला असेल तर डॉक्टर बहुधा जमिनीवर बसायला मनाई करतात. ऑपरेशनच्या आधीच हे स्पष्ट विचारून घ्यावं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कोपराच्या ताज्या दुखापतीला जोरानं चोळू देऊ नका. स्नायूतच हाड धरतं आणि कोपर कायमचं आखडतं. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून पिशवीत वाळूही वाढवू नका. दवाखान्यातून सुट्टी घेताना डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या खाली व्यायाम लिहून घ्या: कोणता, किती वेळा, किती वजन आणि पुन्हा कधी दाखवायचं.