एका वगळलेल्या खेळाडूची गोष्ट : मोहन बागान आणि ईस्ट बंगाल

२८ जुलै १९२०. कलकत्त्यात कूचबिहार चषकाच्या सामन्यासाठी जोडाबागानचा संघ मोहन बागानविरुद्ध मैदानात उतरला, तेव्हा त्यात शैलेश बसू हा बचावपटू नव्हता. त्याला का वगळले, हे कोणी सांगितले नाही. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी त्याला खेळवावे असा आग्रह धरला होता. तो धुडकावला गेला आणि चौधरींनी क्लबच सोडला. चार दिवसांनी, १ ऑगस्ट रोजी, काही सहकाऱ्यांसह त्यांनी नवा क्लब स्थापन केला. बसू आणि चौधरी दोघेही पूर्व बंगालचे होते. क्लबचे नाव ठेवले गेले ईस्ट बंगाल.

या दोन संघांचे वैर म्हणजे फाळणीचे अपत्य, असे सर्रास लिहिले जाते. परंतु तारखा पाहिल्या की हे विधान टिकत नाही. ईस्ट बंगालची स्थापना फाळणीच्या सत्तावीस वर्षे आधीची आहे. फाळणीने या वैराला अर्थ दिला, जन्म दिला नाही. आणि तो अर्थही सरळ नाही.

प्रथम मोहन बागान. १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कलकत्त्यातील भद्रलोकांनी स्थापन केलेला हा क्लब. त्याचे पहिले अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू पुढे १९१४ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. २९ जुलै १९११ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. १९०५ च्या वंगभंगाची जखम तेव्हा ओली होती. ब्रिटिश पलटणीवर मिळवलेला हा विजय साऱ्या बंगालने आपला मानला, त्यात पूर्व आणि पश्चिम असा भेद नव्हता. निर्णायक क्षणी गोल करणारे शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष हे दोघेही मुळात पूर्व बंगालचेच होते.

मग नऊ वर्षांत असे काय घडले, की त्याच भागातील माणसांना आपला वेगळा संघ हवासा वाटला?

उत्तर मैदानाबाहेर आहे. शिक्षण, वकिली आणि नोकरीसाठी ढाका, मैमनसिंग, फरीदपूर, बारिसाल येथून तरुण कलकत्त्यात येत. महानगर त्यांना सामावून घेई, पण बरोबरीचे मानत नसे. त्यांच्या बोलीची नक्कल होई, राहणीची टिंगल होई. पश्चिमेकडचे स्वतःला ‘घोटी’ म्हणवत आणि पूर्वेकडच्यांना ‘बांगाल’. या दुसऱ्या शब्दात गावंढळपणाची छटा होती. मुंबई-पुण्यात शिकायला आलेल्या ज्या मुलांनी आपल्या बोलीवरचे हसू ऐकले आहे, त्यांना ही छटा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. एका खेळाडूला वगळल्याने चार दिवसांत क्लब उभा राहतो, तेव्हा तो अपमान एका खेळाडूपुरता नसतो.

वसाहतकालीन नियमानुसार कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात केवळ दोन भारतीय संघांना जागा होती. एक मोहन बागान, दुसरा आर्यन. ईस्ट बंगालला वर येण्यासाठी हा नियमच मोडावा लागला. तो मोडला गेला आणि २८ मे १९२५ रोजी हे दोन संघ लीगमध्ये प्रथम समोरासमोर आले. नेपाल चक्रवर्तीच्या एकमेव गोलवर ईस्ट बंगाल जिंकला.

येथे एक विसंगती नोंदवायला हवी. त्या काळातील मोहन बागानचा सर्वांत लाडका बचावपटू गोष्ठ पाल. ‘चिनी भिंत’ हे त्याचे टोपणनाव. १९६२ मध्ये पद्मश्री मिळवणारा तो पहिला फुटबॉलपटू. घोटींच्या या अभेद्य भिंतीचा जन्म फरीदपूर जिल्ह्यातला, म्हणजे अस्सल बांगाल. वैर ज्या रेषेवर उभे होते असे सांगितले जाते, ती रेषा खेळाडूंनी कधीच फारशी पाळली नाही. ती पाळली प्रेक्षकांनी.

१९४७ नंतर मात्र चित्र पालटले. सियालदह स्थानकाच्या फलाटांवर, छावण्यांत आणि जादवपूर-विजयगडसारख्या ठिकाणी मोकळ्या जागा व सोडून दिलेल्या लष्करी बराकी ताब्यात घेऊन निर्वासितांनी संसार मांडले. १९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमधील विस्थापितांची संख्या वीस लाखांहून अधिक होती. ज्यांचे गाव, नदी, शेत आणि तुळशीवृंदावन आता दुसऱ्या देशात गेले होते, त्यांच्यासाठी ‘ईस्ट बंगाल’ ही दोन अक्षरी-तीन अक्षरी जोडी नुसते क्लबचे नाव राहिली नाही. नकाशावर तो प्रांत पूर्व पाकिस्तान होणार होता. कलकत्त्याच्या मैदानावर मात्र तो लाल-सोनेरी पोशाखात दर आठवड्याला खेळत होता आणि बहुधा जिंकतही होता.

जिंकून देणारे होते ‘पंचपांडव’ : वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. १९४९ मध्ये या संघाने लीग, शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स चषक असे तिन्ही जिंकले. पाचांपैकी एकही बंगाली नव्हता. बेंगळुरू, आंध्र आणि केरळमधून आलेल्या या तरुणांनी आपले उद्ध्वस्त घर निर्वासितांना परत मिळवून दिले, अशी त्या पिढीची भावना होती. इतिहासकाराला ती तर्काने सिद्ध करता येणार नाही, पण नाकारताही येणार नाही.

पुढची वर्णने परिचित आहेत. ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा, मोहन बागान जिंकला की कोळंबी; घराघरांत, विशेषतः घोटी-बांगाल विवाह झालेल्या घरांत, चालणारी थट्टा. पर्यटन पुस्तिकांना हा भाग आवडतो. त्यात न येणारा भाग अधिक गंभीर आहे.

३० सप्टेंबर १९७५. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे नमवले. १९७० पासून सलग सहा वेळा लीग जिंकणाऱ्या संघाचा हा कळस होता. त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आत्महत्या केली.

१६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्सवर लीगचा सामना. दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच सज्जात मिसळून बसलेले. ईस्ट बंगालचा दिलीप पालित आणि मोहन बागानचा विदेश बसू यांच्यात झटापट झाली, पंचांनी दोघांनाही बाहेर काढले. मैदानावरचे भांडण तेथेच संपले; सज्जात ते सुरू झाले. दगडफेक, पळापळ, चिंचोळे जिने. चेंगराचेंगरीत १६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत दोन्ही रंगांचे चाहते होते. तेव्हापासून दर वर्षी या दिवशी कलकत्त्यात त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान होते. दात्याची बाटली कोणत्या क्लबच्या माणसाला जाईल, हे अर्थातच कोणी विचारत नाही.

१९८४ मध्ये सॉल्ट लेकचे विशाल स्टेडियम उभे राहिले. तेथेच १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक आले. भाईचुंग भुतियाने तीन गोल केले, ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकला. भाईचुंग सिक्कीमचा. वैर आता घोटी-बांगालांच्या नातवंडांचे होते. त्यांपैकी बहुतेकांनी पद्मा नदी पाहिलेलीही नव्हती.

२०२० मध्ये दोन्ही क्लब इंडियन सुपर लीगमध्ये आले. त्या लीगमधील त्यांची पहिली लढत २७ नोव्हेंबर २०२० रोजी झाली ती कलकत्त्यात नव्हे, गोव्यात, वास्कोच्या टिळक मैदानावर. महासाथीमुळे सज्जे रिकामे होते. मोहन बागान २-० ने जिंकला. ज्या सामन्यासाठी लाखभर माणसे जमत, तो समुद्रकाठच्या शांततेत, चेंडूवर बसणाऱ्या बुटांचा आवाज ऐकू येईल इतक्या निःशब्दपणे पार पडला.

१८ ऑगस्ट २०२४ रोजी ड्युरँड चषकात हे संघ पुन्हा सॉल्ट लेकवर भिडणार होते. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण महिला डॉक्टरवरील बलात्कार व हत्येमुळे शहर रस्त्यावर उतरले होते. सुरक्षेचे कारण देऊन सामना रद्द करण्यात आला. तरीही त्या संध्याकाळी हिरवे-मरून आणि लाल-सोनेरी झेंडे स्टेडियमबाहेर आले, मोहम्मडन स्पोर्टिंगचे चाहतेही त्यांच्यात मिसळले. न्यायाची एकच घोषणा सगळ्यांच्या तोंडी होती. पोलिसांनी लाठीमार केला, तेव्हा अंगातील जर्सीचा रंग पाहून नाही.