नारळी ते कोजागरी : शरदातील नौकासहलींचा पूर्वेतिहास

तापी नदी सातपुड्याच्या डोंगराळ प्रदेशात मुलताई येथे उगम पावते, खानदेशाची काळी जमीन ओलांडते आणि सुमारे ७२४ किलोमीटरांची वाट चालून सुरतेच्या खाली डुमसनजीक समुद्रास मिळते. पोटापाण्यासाठी खानदेश सोडून सुरतेस आलेल्या असंख्य मराठी कुटुंबांनी नदीचीच दिशा धरली, असे म्हणावयास हरकत नाही. उधना, पांडेसरा, बमरोली या दक्षिणेकडील पट्ट्यात यंत्रमागांच्या आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांभोवती त्यांची वस्ती वाढली. नदी या मंडळींच्या जुन्या ओळखीची. परंतु ज्या समुद्राने सुरतेस सुरतपण दिले, तो त्यांना नवा होता. त्या समुद्राचे स्वतःचे एक वर्ष असते. ते चैत्रात सुरू होत नाही. ते श्रावणी पौर्णिमेस, म्हणजे नारळी पौर्णिमेस, सुरू होते.

नारळी पौर्णिमा आणि आश्विनातील कोजागरी या दोन पौर्णिमांच्या मधले दोन महिने म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर शिडे पुन्हा उघडण्याचा काळ. आज नौकानयन हा खेळ मानला जातो आणि शरदाच्या आरंभी निघणारी शिडाच्या होडीची सहल ही हौस समजली जाते. त्या हौसेचा मोसम मात्र हौशी माणसांनी ठरविलेला नाही. तो आधी मासेमाऱ्यांनी, मग व्यापाऱ्यांनी जोखून पाहिला. मौजेने पाण्यावर पाऊल टाकले ते सर्वांत शेवटी. हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय नौकासहलींचा इतिहास नीट उलगडत नाही.

प्रथम वाऱ्याचा विचार करावयास हवा. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत नैऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर आदळतो. शिडाच्या होडीस अशा वेळी बंदराबाहेर पडणे अवघड, आणि बाहेर पडलीच तर किनाऱ्याचे खडक व वाळूचे दांडे टाळून परतणे त्याहून अवघड. म्हणून होड्या ओढून किनाऱ्यावर घ्यावयाच्या, झापांनी शाकारून ठेवावयाच्या आणि जाळी विणीत बसावयाचे, हा कोळ्यांचा पावसाळी शिरस्ता. मराठ्यांच्या आरमाराची गलबतेही या महिन्यांत खाड्यांच्या आश्रयास येत. भाद्रपदात हा जोर ओसरतो आणि हळूहळू दुसरेच चक्र सुरू होते. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दिवसा जमीन तापली की दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. सकाळी मतलईवर बाहेर पडावे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी परतावे, ही सोय निसर्गानेच करून ठेवलेली आहे. एका दिवसाची नौकासहल शक्य होते ती या दुहेरी वाऱ्यामुळे.

सुरतेकडे यात भरती-ओहोटीची भर पडते. खंभातच्या आखातात भरतीचे पाणी विलक्षण चढते. भावनगरच्या बाजूस भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत १० मीटरांहून अधिक अंतर पडते. तापीच्या मुखाशी हा आकडा लहान असला, तरी शिडाच्या होडीने नदीत शिरावयाचे ते चढत्या पाण्याबरोबर आणि निघावयाचे ते उतरत्या पाण्याबरोबर, हा नियम येथील तांडेलास मोडता येत नसे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात हे ओढ घेणारे पाणी अधिकच जोरकस होते. तेव्हा नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करणारा कोळी अगर खारवा केवळ श्रद्धेने वागत होता, असे नव्हे. वर्षातील पहिल्या फेरीपूर्वी तो समुद्राची परीक्षाही घेत होता. महाराष्ट्रात हल्ली १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. मुंबईचे अपोलो बंदर आणि मांडवा यांमधील लाँचसेवा पावसाळ्यात बंद राहते आणि सर्वसाधारणपणे सप्टेंबरच्या आरंभी पुन्हा सुरू होते. इंजिने आली, तरी समुद्राचे वर्ष फारसे बदललेले नाही.

दुसरा क्रम व्यापाऱ्यांचा. सुरतेच्या इतिहासातील काही सुप्रसिद्ध तारखा एकापुढे एक मांडल्या, की त्यांतून एकच ऋतू डोकावतो. विल्यम हॉकिन्सचे ‘हेक्टर’ जहाज सुरतेच्या बारापाशी पोहोचले ते २४ ऑगस्ट १६०८ रोजी. टॉमस बेस्टची जहाजे आली सप्टेंबर १६१२ मध्ये. जहांगीराच्या दरबारी वकील म्हणून पाठविलेला सर टॉमस रो सुवाळीच्या किनाऱ्यावर उतरला सप्टेंबर १६१५ मध्ये. औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे प्रचंड जहाज यात्रेकरू व संपत्ती घेऊन तांबड्या समुद्राकडून सुरतेस परत येत असता हेन्री एव्हरी या चाच्याने लुटले, तेही सप्टेंबर १६९५ मध्ये. हा योगायोग नव्हे. युरोपातून वसंतात निघालेली जहाजे आणि मोखा-जिद्द्याहून परतणारी जहाजे नैऋत्येच्या वाऱ्याच्या शेवटच्या आधाराने याच सुमारास किनारा गाठीत. शिवछत्रपतींची सुरतेवरील दुसरी स्वारी ३ ऑक्टोबर १६७० रोजी झाली. त्या वेळी बंदराचा नवा मोसम नुकताच उघडलेला होता.

मोठी जहाजे तापीच्या उथळ मुखातून शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती उत्तरेस सुवाळीच्या किनाऱ्यालगत, वाळूचा दांडा आणि जमीन यांमधील खोलगट पाण्यात नांगरून पडत आणि माल होड्यांतून व बैलगाड्यांतून शहरात जाई. मोसमात या ओसाड किनाऱ्यावर तंबू ठोकले जात, तात्पुरता बाजार भरे, इंग्रज, डच आणि फ्रेंच यांची निशाणे फडकत. पावसाळाभर वखारीच्या भिंतींत कोंडलेल्या कारकुनांना सुवाळीचा फेरा हे काम असे आणि विरंगुळाही असे. मायदेशाची पत्रे तेथेच हाती पडत, ओळखीची माणसे तेथेच भेटत. जॉन ओव्हिंग्टन (१६९६) आणि जॉन फ्रायर (१६९८) यांची प्रवासवर्णने वाचणाऱ्यास या वखारवाल्यांच्या राहणीचे पुष्कळ तपशील मिळतात. किनाऱ्यावर युरोपियांची जी नौकासहल पुढे रूढ झाली, तिचे बीज या व्यापारी फेऱ्यांत शोधावे लागते. माल उतरविण्याच्या निमित्ताने पाण्यावर जाणारा मनुष्य एके दिवशी निमित्तावाचूनही जाऊ लागतो.

१६८७ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. सुरतेचे कसबही पाठोपाठ गेले. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा पारशी सुतार १७३६ च्या सुमारास मुंबईच्या गोदीत आणला गेला आणि त्याच्या घराण्याने सागवानी जहाजांची परंपरा उभी केली. १८१७ साली मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे. मुंबई बंदर तीन बाजूंनी आडोशाचे, खोल आणि ऐसपैस. सुरतेस जे जमले नाही ते येथे जमले, आणि नौकाविहार ही व्यापारापासून वेगळी, स्वतंत्र करमणूक झाली. अपोलो बंदरावरून भाड्याच्या शिडाच्या ‘बंदर-बोटी’ घेऊन घारापुरीची लेणी पाहावयास जाणे हा एकोणिसाव्या शतकातील साहेबी कुटुंबांचा ठरलेला कार्यक्रम होता. १८४६ साली बॉम्बे यॉट क्लब स्थापन झाला. १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीकडून त्यास ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. पावसाळ्यात होड्या पाण्याबाहेर काढणे आणि पावसाळा सरताच त्या पुन्हा पाण्यात सोडणे, हे मुंबईच्या यॉटवाल्यांचे वार्षिक चक्र कोळ्यांच्या चक्रावरच बेतलेले होते. केवळ ते काही आठवडे उशिरा फिरे. भाद्रपदातील लाटांचा उरलासुरला जोर अंगावर घेण्याचे काम त्यांनी मासेमाऱ्यांवरच सोडलेले होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. स्वातंत्र्यापूर्वी या क्लबाच्या सदस्यत्वाची दारे भारतीयांस बंद होती. बंदरातील वारा, पाणी, खडक आणि भरतीच्या वेळा ज्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होत्या, ते तांडेल आणि खलाशी साहेबांच्या सहलीत असत, परंतु पगारी म्हणून. दोर त्यांच्या हाती, मौज दुसऱ्याची. दुसरीकडे, पांढरपेशा मराठी समाजही या पाण्याकडे पाठ करून बसला होता. समुद्रयान कलिवर्ज्य मानणाऱ्या धर्मशास्त्राने उच्चवर्णीयांस किनाऱ्यावर रोखून धरले होते, आणि विलायतेहून परतलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. ज्यांना समुद्र येत होता त्यांना तेथे हौसेने जाता येत नव्हते, आणि ज्यांची ऐपत होती त्यांतील पुष्कळांना जावेसे वाटत नव्हते. कान्होजी आंग्र्यांच्या किनाऱ्यावर नौकाविहार हा परक्यांचा खेळ म्हणून वाढला, याचे कारण या दोन्ही गोष्टींत आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. १९६० मध्ये यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने सुवर्णपदक मिळविले. पुढे गोव्यातील दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही शिडाची नौका तयार झाली. तिचा आराखडा डच होता, बांधणारे हात गोमंतकीय होते. ती घेऊन नौदलातील दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेल्या ‘तारिणी’वरून नौदलातील सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून प्रदक्षिणेस निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परत आल्या. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात हॉर्न भूशिराला वळसा घालता यावा, हा हेतू या मुहूर्तांमागे होता. तरीही निघण्याचे महिने तेच, ऑगस्ट आणि सप्टेंबर. हॉकिन्स आणि रो याच महिन्यांत आले होते. फरक इतकाच, की आता शिडे बाहेरच्या दिशेने निघाली होती आणि दोर व मौज दोन्ही एकाच हाती होती.

सुरतेच्या तापीवर मात्र शिडे परतली नाहीत. १८७७ साली होप पूल झाल्यावर रांदेरच्या होड्यांची गरज कमी झाली. १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाले आणि नदीचा पावसाळी ओघ बांधला गेला. १९९५ मध्ये सिंगणपोरच्या बंधाऱ्याने भरतीचे पाणी शहरातच अडविले. वरच्या अंगास गोड्या पाण्याचा शांत फुगवटा, खालच्या अंगास गाळाने उथळ झालेले खारे पात्र, अशी नदीची दोन रूपे झाली. २०२० पासून हजिरा आणि घोघा यांमध्ये इंजिनाची मोठी नौका माणसे व वाहने घेऊन आखात ओलांडते. तिला मतलईची वाट पाहावी लागत नाही. शरदाचा उत्सव मात्र सुरतेने टाकलेला नाही. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी ‘चांदनी पडवो’ साजरा होतो. घारी आणि भुसू घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे गच्चीवर, तापीकाठी अगर डुमसच्या किनाऱ्यावर चांदण्यात बसतात. ही घारी सुरतेच्या हलवायांनी तात्या टोप्यांच्या शिपायांसाठी केली, अशी दंतकथा शहरात सांगितली जाते. तिची शहानिशा इतिहासकारांनी करावी. उधना-बमरोलीच्या मराठी घरांना कोजागरीचे दूध आणि पडव्याची घारी या दोन्हींची गोडी लागून दिवस लोटले.

या साऱ्या इतिहासाची एक बाजू ग्रंथालयाच्या कपाटात सुखरूप आहे. वखारींची पत्रे, प्रवाशांची वर्णने, सरकारी गॅझेटिअर आणि क्लबांच्या नोंदी यांतून सहलीस गेलेल्या माणसाची हकिगत मिळते. ज्याने ती सहल सुखरूप परत आणली, त्याची हकिगत मिळत नाही. कोणत्या तिथीस पाणी कोठवर चढेल, वाळूचा दांडा यंदा कोणत्या बाजूस सरकला, मतलई केव्हा पडेल, हे ज्ञान तांडेलाने मुलास तोंडी दिले, आणि मुलाने इंजिनाची नौका धरली तेव्हा त्यातील बरेचसे कोणी न लिहिताच संपले. सुरत, दमण, डहाणू, सातपाटी, वर्सोवा या किनाऱ्यांवर शिडाची होडी हाकलेली वृद्ध माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांचे शब्द, वाऱ्यांची नावे आणि भरतीचे हिशेब टिपून घेण्याचे काम मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत व्हावयाचे आहे. तशी एखादी वही ओव्हिंग्टन आणि फ्रायर यांच्या शेजारी फळीवर येऊन बसेल, तेव्हा नारळी ते कोजागरी या मोसमाचा इतिहास पुरा झाला, असे म्हणता येईल.