परक्याच्या कानी पडलेली मिस्सा

नागपुरात सदर भागातल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये रविवारच्या मिस्सेला पहिल्यांदाच येऊन बसलेल्या बिगरख्रिस्ती माणसाला तासाभरात दोन उलटसुलट अनुभव येतात. बायबलमधली वाचने त्याला कळणाऱ्या भाषेत होतात, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून बोलतात, स्तोत्राचे पालुपद दोनदा ऐकले की त्यालाही म्हणता येते. हे सारे आपल्यालाही धरून चालले आहे, असे त्याला वाटू लागते. मग कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेली पवित्र भाकर घेण्याची, वेळ येते. रांगेतली माणसे उठून वेदीकडे जातात आणि बाप्तिस्मा न झालेला तो बाकावर एकटाच उरतो. या अनुभवाचे दोन अर्थ नेहमी लावले जातात. सुरुवातीचे मोकळेपण हे धर्मांतरासाठी टाकलेले आमिष आहे, असे काही जण म्हणतात. शेवटचा अटकाव ही परक्याला दूर ठेवण्याची रीत आहे, असे इतर काही. नागपूरच्या कॅथलिक उपासनेचा इतिहास पाहिला तर दोन्ही अर्थ टिकत नाहीत. मोकळेपण जेमतेम साठ वर्षांचे आहे, सीमा मात्र चर्चच्या पहिल्या शतकांपासूनची आहे. आणि ती सीमा आज इतकी डोळ्यांवर येते, ती मोकळेपण आल्यामुळेच.

या भागातल्या कॅथलिक उपासनेची सुरुवात छावणीतून झाली. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८२१ मध्ये, कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली आणि तिथे मद्रास लष्कराच्या पलटणी राहू लागल्या. १८३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करातल्या दर दहा शिपायांमागे चार आयरिश होते आणि त्यांतले बहुतेक कॅथलिक. त्यांना मिस्सा हवी होती, पापनिवेदन ऐकणारा हवा होता, मेल्यावर मूठमाती देणारा हवा होता. पुढे ही जबाबदारी आली आल्प्सच्या कुशीतल्या सॅव्हॉय प्रांतातून आलेल्या धर्मगुरूंवर. पिएर मरी मेर्मिए यांनी अन्सी इथे १८३८ मध्ये स्थापन केलेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स मिशनरी संघाची पहिली तुकडी १८४५ मध्ये भारतात उतरली. विशाखापट्टणम हे तिचे मुख्य ठाणे, आणि नागपूर-कामठी त्याच विस्तीर्ण प्रदेशाचे पश्चिमेकडचे टोक. १८७० मध्ये सेंट फ्रान्सिस डी सेल्स (एसएफएस) शाळा निघाली, १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आयरिश शिपाई, मद्रासकडून पलटणींबरोबर आलेली माणसे, पुढे रेल्वेतले अँग्लो-इंडियन आणि गोवेकर असा तो समाज होता. फ्रेंच बोलणारा धर्मगुरू आणि इंग्रजी, तमिळ, कोकणी बोलणारे भाविक यांना एकत्र बांधणारी भाषा होती लॅटिन, आणि ती यांतल्या कुणाचीच घरची नव्हती. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लॅटिन मिस्सा नागपूरकरांना परकी होती हे खरेच आहे, पण ती कामठीच्या शिपायालाही तितकीच परकी होती.

त्या काळी नागपूरच्या महाल किंवा इतवारी भागातला एखादा गृहस्थ कुतूहलाने मिस्सेला जाऊन बसला असता, तर त्याने काय पाहिले असते? वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभा असलेला धर्मगुरू, बराचसा पाठ पुटपुटल्यासारखा, मध्येच घंटेचा आवाज, गुडघे टेकलेली माणसे. त्यांतले अनेक जण धर्मगुरूच्या पाठाकडे लक्ष न देता आपापली जपमाळ ओढत असत. प्रवचन तेवढे लोकांच्या भाषेत होई. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६२ मध्येच मिस्सा लोकभाषेत करायला नकार दिला होता, मात्र तिचा अर्थ लोकांना समजावून सांगा, असेही धर्मगुरूंना बजावले होते. म्हणूनच गोव्यात फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले आणि चर्चमधून वाचलेही गेले, तरी वेदीवरची भाषा साडेतीनशे वर्षे हलली नाही.

पण त्या गृहस्थाला एक गोष्ट अजिबात खटकली नसती: कम्युनियनच्या वेळी आपण जागेवर बसून राहिलो, ही. कारण त्याच्या आजूबाजूचे पुष्कळसे कॅथलिकही बसूनच राहिले असते. वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुमारास, ख्रिस्तशरीर घेणे १२१५ च्या लॅटरन परिषदेने बंधनकारक केले होते आणि पुष्कळांसाठी तेवढेच पुरेसे होते. घ्यायचे तर आधी पापनिवेदन करायचे आणि मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. पोप दहाव्या पायस यांनी १९०५ मध्ये वारंवार, अगदी रोजही, कम्युनियन घ्यावे असा आग्रह धरला. उपवासाची अट १९५३ पासून सैल होत होत १९६४ मध्ये एका तासावर आली. त्यानंतर जवळजवळ सगळेच उठू लागले, आणि न उठणारा नजरेत भरू लागला. आज पाहुण्याला बोचणारे एकटेपण कोणत्याही नव्या बंदीने आलेले नाही. भाविकांवरची जुनी बंधने सैल झाली, तेव्हा ते दिसू लागले.

भाषेचा बदल त्याच वर्षांतला. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज २,१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला आणि लोकभाषांना वेदीपर्यंत वाट मिळाली. विदर्भापुरते पाहिले तर हा प्रवाह एका वेगळ्या अंगानेही आला. मार्च १९६२ मध्ये चांद्याला सिरो-मलबार कॅथलिकांचे स्वतंत्र मिशनक्षेत्र मिळाले, आणि त्याच वर्षी जुलैत त्या परंपरेची उपासना सिरियाक सोडून मल्याळममध्ये आली. नागपूरची लॅटिन परंपरा आणि शेजारची सिरियन परंपरा, दोघींनी शतकांची भाषा काही वर्षांच्या अंतराने बदलली. मग १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा मुद्द्यांना मान्यता दिली: पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार, आरती, समई. हे सगळीकडे रुजले नाही. बऱ्याच ठिकाणी कॅथलिकांनीच त्याला विरोध केला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि नागपुरात तो हलक्याने घेता येणार नाही. मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये, राजधानी नागपूरला असताना, माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. परदेशी पैसा, शाळा, दवाखाने, कर्जे यांच्या आधारे आदिवासींचे धर्मांतर होते, असा त्याचा मुख्य ठपका होता, आणि भारतीय चर्चने परदेशी आधार सोडून स्वतंत्र व्हावे, अशी सूचनाही त्यात होती. मग दहा-बारा वर्षांत मिस्सा देशी भाषेत आली आणि वेदीपुढे समई लागली, तेव्हा हा सरकारी दडपणाला दिलेला प्रतिसाद किंवा आमिषाचा नवा प्रकार आहे, अशी शंका येणे स्वाभाविक होते. पण सगळ्या जगासाठी घेतलेला निर्णय नागपूरच्या अहवालाने घडत नाही. युरोपातच उपासना-सुधारणेची चळवळ कित्येक दशके चालू होती आणि पॅरिसच्या कामगाराला लॅटिन कळत नाही, ही तिची चिंता होती. शिवाय आमिष म्हणजे सगळ्यांत मोलाची वस्तू समोर ठेवणे. मिस्सेत ती वस्तू ख्रिस्तशरीर आहे, आणि नेमकी तीच बाप्तिस्मा न झालेल्याला देत नाहीत. समितीच्या काही तक्रारी शाळा-दवाखान्यांबाबत खऱ्या असतील, त्यांची छाननी त्या त्या पुराव्यावर व्हावी. रविवारच्या मिस्सेला मात्र तो आरोप चिकटत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: बोलावता, बसवता, आणि पंगतीत वाढत नाही, हा भेदभाव नव्हे काय? ज्या शहरात ऑक्टोबर १९५६ मध्ये लाखोंनी पंक्तिभेदाचा धर्म सोडला, तिथे हा प्रश्न धारदारच असणार. त्याचे उत्तर मी असे देईन. चौथ्या शतकात वाचने आणि प्रवचन संपले की दीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही बाहेर पाठवत. राहायची मुभा फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना होती. पूर्व सिरियन परंपरेच्या जुन्या विधिपाठात बाप्तिस्मा न घेतलेल्याने निघून जावे, अशी सूचना स्पष्ट शब्दांत आहे. ती सीमा जन्मावर किंवा जातीवर बेतलेली नव्हती, श्रद्धेच्या जाहीर कबुलीवर होती, आणि ती कबुली कुणालाही देता येत होती. भारतातल्या चर्चांत जात शिरली, बाकांचे भाग पडले, दफनभूमीत भिंती उठल्या, हे खरे आणि लाजिरवाणे आहे. पण तो भेद बाप्तिस्मा झालेल्यांमधलाच होता. पाहुण्याला ख्रिस्तशरीर न देणे हा त्याहून निराळा नियम आहे, आणि दोन्ही एकाच तराजूत घातले तर खऱ्या अन्यायावरचे बोट सरकते.

भाषेच्या या बदलात काहीतरी हरवले, असे म्हणणारे कॅथलिक आजही आहेत, आणि लॅटिन गायनाची उंची पाहता त्यांचे दुःख मला समजते. पण परका माणूस उपासना समजून ऐकतो आहे, या वस्तुस्थितीने चर्चलाही आपले शब्द तपासायला लावले, असे मला वाटते. गुड फ्रायडेच्या विधीत वेगवेगळ्या लोकांसाठी क्रमाने प्रार्थना होतात. लॅटिन पाठात ज्यूंसाठी असलेले हिणवणारे विशेषण पोप तेविसाव्या जॉन यांनी १९५९ मध्ये काढले. ख्रिस्ती नसलेल्या इतरांनी मूर्ती सोडाव्यात, अशी जुनी प्रार्थना होती. १९७० च्या पाठात तिच्या जागी, ते ईश्वरासमोर शुद्ध मनाने चालत राहोत आणि त्यांना सत्य सापडो, अशी मागणी आली. त्यांनी ख्रिस्ताकडे यावे ही इच्छा चर्चने सोडलेली नाही, लपवलेलीही नाही. फक्त आता ती ज्याच्याविषयी आहे, तो सदरच्या बाकावर बसून ती शब्दन् शब्द ऐकू शकतो, आणि पटली नाही तर तसे सांगूही शकतो.