वऱ्हाड प्रांत

वऱ्हाड प्रांत (बेरार) : सार्वभौमत्व हैदराबादच्या निजामाचे आणि कारभार ब्रिटिशांचा, अशा स्थितीत १८५३ ते १९४७ पर्यंत राहिलेला प्रदेश. आजचे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशिम हे जिल्हे त्यात मोडतात. क्षेत्रफळ सुमारे ४६,००० चौ. किमी.

भूवर्णन : उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील मेळघाट, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातील पायनघाट आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगांवरील बालाघाट, असे याचे तीन भाग पडतात. पूर्वेची सीमा वर्धा नदीची, दक्षिणेची बव्हंशी पैनगंगेची. पायनघाटाची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. मात्र पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने ओलीत आणि पिण्याचे पाणी या दोन्हींची अडचण असते.

ताब्याचा वाद : हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची बाकी पुढे करून गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकिर्दीत ईस्ट इंडिया कंपनीने २१ मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड, रायचूर दोआब व धाराशिवचा मुलूख ताब्यात घेतला. १८६० मध्ये इतर मुलूख परत केला, वऱ्हाड ठेवून घेतले. ते परत मिळावे म्हणून निजामाचे दिवाण सालारजंग यांनी केलेले प्रयत्न फळले नाहीत. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला. निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये पुन्हा दावा मांडला. व्हाइसरॉय रीडिंगने १९२६ मध्ये तो फेटाळला. १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व मान्य झाले आणि युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. १८५३, १९०२ व १९३६ यांपैकी एकाही करारात वऱ्हाडच्या रयतेला विचारले गेले नाही. या वादातला हा सर्वांत मोठा अन्याय होय.

लोकसंख्या : १९०१ च्या जनगणनेत ती २७,५४,०१६ भरली. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांमुळे ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी घटली होती. बहुसंख्य लोक वऱ्हाडी बोलतात. मेळघाटात कोरकू, तर यवतमाळकडे गोंड, कोलाम व बंजारा वस्ती आहे. २०११ मध्ये पाचही जिल्ह्यांची लोकसंख्या १,१२,५८,११७ होती. पैकी अमरावती २८,८८,४४५ व अकोला १८,१३,९०६.

प्रशासन : सुरुवातीच्या विभागणीनंतर अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वणी व वाशिम असे सहा जिल्हे झाले, १९०५ मध्ये ते चार करण्यात आले. आयुक्तांचे ठाणे अमरावतीस होते. जमीनमहसूल मुंबई इलाख्याप्रमाणे रयतवारी पद्धतीचा. नागपूरकडची मालगुजारी येथे नव्हती. १९०३ पासून कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला, तरी ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे वऱ्हाडला आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र हुकुमाने लावावे लागत. ८ ऑगस्ट १९४७ रोजी विदर्भ व पश्चिम महाराष्ट्रातील नेत्यांनी अकोला करार करून मराठी मुलखाच्या भावी घडणीचा विचार स्वतः मांडला. वऱ्हाड १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. १९९८ मध्ये वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. पाचही जिल्हे आज अमरावती महसूल विभागात आहेत.