विद्यापीठाचे ज्ञान आणि खेड्याचे आरोग्य

मुलाने किंवा मुलीने डॉक्टर व्हावे अशी इच्छा आज घरोघरी दिसते. ती चांगलीच आहे. पण डॉक्टरांचे ज्ञान येते कोठून, ते घडविण्यात कोणाचा वाटा असतो आणि शेवटी ते पोचते कोणापर्यंत, हे आपण क्वचितच विचारतो. उत्तरे शोधण्यासाठी फार दूर जायला नको. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाच्या राजधानीत वैद्यकशास्त्राचे मोठे काम झाले आहे.

हैदराबादेत १८४६ साली वैद्यकीय शाळा निघाली. १८८८ आणि १८८९ साली तेथे क्लोरोफॉर्मवर दोन संशोधन मंडळे बसली. शस्त्रक्रियेसाठी भूल देताना काही रोगी दगावत. त्यांचा श्वास आधी थांबतो की हृदय, असा वाद होता. दुसऱ्या मंडळासाठी निजाम सरकारने एक हजार पौंड दिले आणि इंग्लंडहून तज्ज्ञ आले. श्वास आधी थांबतो, असा निष्कर्ष निघाला. पुढील संशोधनात तो अपुरा ठरला, कारण क्लोरोफॉर्मने हृदयही अकस्मात थांबू शकते, हे दिसून आले. शास्त्र असेच स्वतःला सुधारीत पुढे जाते. याच शाळेत १८८५ साली रूपाबाई फर्दुनजी दाखल झाल्या आणि पुढे भूलतज्ज्ञ म्हणून त्यांनी नाव मिळविले. मुलीला विज्ञान शाखेला पाठवावे की नाही, या विचारात असलेल्या पालकांनी हे साल ध्यानात ठेवावे.

आता दुसरी गोष्ट. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. त्या डासांना हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त पाजले होते. डास चावू देण्याबद्दल त्याला दर डासामागे एक आणा मिळे. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या इमारतीत हा शोध लागला, ती पुढे उस्मानिया विद्यापीठाकडे आली. रॉस यांचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, हुसेन खानाचे नाव थोड्यांनाच ठाऊक आहे. ज्याचे रक्त संशोधनाच्या कामी येते, त्याचा त्या संशोधनाच्या फळावर हक्क असतो की नाही? आरोग्यातील समतेचा सारा प्रश्न येथूनच सुरू होतो.

उस्मानिया विद्यापीठाने या प्रश्नाच्या एका बाजूला हात घातला. १९१७ च्या फर्मानाने त्याची स्थापना ठरली आणि उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा निर्णय झाला. त्यासाठी खास भाषांतर विभाग उघडण्यात आला. वैद्यकशास्त्रही उर्दूतून शिकविले जाऊ लागले. इंग्रजीशिवाय शास्त्र शिकता येत नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरला. तथापि हेही खरे की, आपल्या मराठवाड्यातील बहुसंख्य शेतकऱ्यांची भाषा मराठी होती. त्यांच्यासाठी ते ज्ञान परभाषेतच राहिले. शिवाय हैदराबाद दूर, आणि प्रवासाला पैसा लागे.

१९५६ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. नांदेडला १९८८ साली आणि आपल्या परभणीत २०२३ साली. अंतर खूपच कमी झाले. पण महाविद्यालय जवळ आले म्हणजे ज्ञान वस्तीवर पोचले, असे होत नाही.

ते कसे पोचवावे, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला काम सुरू केले. गावातल्या बायकांना, त्यांत निरक्षरही होत्या, त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीही त्याच विद्यापीठात शिक्षण घेतले आणि पुढे गडचिरोलीत काम उभे केले. नवजात बाळाची काळजी घरीच कशी घ्यावी, हे त्यांनी खेड्यातील स्त्रियांना शिकविले. ३९ गावांतील या प्रयोगात तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापले गेले. ज्यांच्या घरी संशोधन झाले, त्यांचीच बाळे वाचली. हुसेन खानाच्या वेळी जे झाले नाही, ते येथे झाले.

विद्यार्थी मित्रांनो, यातून आपण काय घ्यावे? आपल्यापैकी अनेकांच्या घरी उर्दू आणि शाळेत मराठी आहे. काहीजण याला अडचण मानतात. उद्या परभणीच्या रुग्णालयात जिंतूरची मराठी बोलणारी आजी आणि मोमीनपुऱ्यातली उर्दू बोलणारी आई यांना गोळी केव्हा व का घ्यायची, हे त्यांच्याच बोलीत समजावणारा डॉक्टर किंवा परिचारिका हवी असेल, तर ती आपल्याच घरातून का येऊ नये?

आणि पालकहो, प्रवेश मिळाला की मुलाला एवढे अवश्य सांगा की, शिकून गावाकडे निदान काही वर्षे ये. ज्ञानाचा तेवढा हिशेब गावाकडे बाकी आहे.