हरी अप टुमॉरो (चित्रपट)

हरी अप टुमॉरो हा २०२५ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील अमेरिकन मानसशास्त्रीय थरारपट आहे. ट्रे एडवर्ड शुल्ट्स हे त्याचे दिग्दर्शक व संकलक असून पटकथा शुल्ट्स, गायक एबल तेस्फाये आणि रेझा फहीम या तिघांनी मिळून लिहिली आहे. 'द वीकेंड' या नावाने जगभर परिचित असलेल्या तेस्फाये यांनी या चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली आहे. मात्र कथेतील बहुतेक प्रसंग काल्पनिक आहेत. जेना ऑर्टेगा आणि बॅरी कीओगन हे अन्य दोन प्रमुख कलाकार होत. शीर्षकाचा अर्थ 'उद्या, लवकर ये' असा करता येईल. झोप हरवलेल्या माणसाची ती विनवणी आहे आणि नायकाला निद्रानाश जडलेला असल्याने ती कथेला साजेशी ठरते.

कलावंत, त्याचे रंगमंचावरील नाव आणि पडद्यावरील पात्र या तिन्हींत गल्लत होण्याचा संभव असल्यामुळे या लेखात प्रत्यक्ष व्यक्तीचा उल्लेख 'तेस्फाये' असा, तर पात्राचा उल्लेख 'एबल' असा केला आहे.

पार्श्वभूमी

तेस्फाये यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९९० रोजी कॅनडातील टोरांटो येथे, इथिओपियातून स्थलांतरित झालेल्या कुटुंबात झाला. आई व आजी यांनी त्यांचे संगोपन केले. २०११ साली 'हाउस ऑफ बलून्स' हा गीतसंग्रह त्यांनी आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध करून दिला, तेव्हा या आवाजामागचा चेहरा फार थोड्यांना ठाऊक होता. पुढील दहा वर्षांत चित्र पूर्णपणे पालटले. २०१९ सालचे 'ब्लाइंडिंग लाइट्स' हे गीत अमेरिकेतील बिलबोर्ड नियतकालिकाच्या सार्वकालिक क्रमवारीत पहिल्या स्थानी गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गाण्याचा मान त्यांना मिळाला.

चित्रपटाचे बीज एका खऱ्या घटनेत आहे. ३ सप्टेंबर २०२२ रोजी लॉस एंजेलिसजवळील इंगलवूड येथील सोफाय स्टेडियममध्ये कार्यक्रम सुरू असताना, अवघी काही गाणी झाल्यावर तेस्फाये यांचा आवाज गेला. त्यांनी श्रोत्यांची क्षमा मागून कार्यक्रम थांबवला. राहिलेला कार्यक्रम त्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पूर्ण केला. घशापेक्षा मनावरचा ताण या प्रसंगाला अधिक कारणीभूत होता, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. भरल्या मैदानात गायकाचा आवाज बंद पडणे हे नाट्य अन्य कोणत्याही कल्पित प्रसंगापेक्षा मोठे आहे, आणि चित्रपटाचा जो भाग या घटनेच्या जवळ राहतो तोच सर्वांत परिणामकारक उतरला आहे.

पडद्यावर स्वतःची भूमिका करण्याची ही त्यांची पहिली वेळ नव्हती. सॅफ्डी बंधूंच्या 'अनकट जेम्स' (२०१९) या चित्रपटात ते २०१२ सालच्या, अजून पुरते प्रसिद्ध न झालेल्या 'द वीकेंड'च्या रूपात थोडा वेळ दिसतात. ती भूमिका ओझरती होती. येथे मात्र संपूर्ण कथेचा भार त्यांच्यावर आहे. दरम्यान २०२३ साली त्यांनी सहनिर्मित केलेल्या 'द आयडॉल' या दूरचित्रवाणी मालिकेवर कठोर टीका झाली होती. त्या मालिकेच्या निर्मितीतही फहीम हे त्यांचे सहकारी होते.

कथानक

प्रेयसीने सोडून दिल्याने एबल खचला आहे. तिचे ध्वनिमुद्रित निरोप तो पुन्हा पुन्हा ऐकतो (हा आवाज रायली कीओ यांचा आहे). रात्र रात्र झोप नाही, त्यात मद्य आणि अमली पदार्थांची साथ. त्याचा मित्र व व्यवस्थापक ली (कीओगन) त्याला धीर देतो. पण त्या धीरामागे स्नेह किती आणि दौरा चालू ठेवण्याची निकड किती, हे कळू नये अशीच त्या पात्राची मांडणी आहे. दुसरीकडे अनिमा नावाची एक तरुणी (ऑर्टेगा) एका घरात इंधन ओतून ते पेटवून देते आणि तेथून निघून एबलच्या कार्यक्रमाला येते.

कार्यक्रमात एबलचा आवाज जातो. तो रंगमंचावरून पळ काढतो आणि पडद्यामागे त्याची अनिमाशी गाठ पडते. दोघे ती रात्र एकत्र फिरण्यात घालवतात व एका हॉटेलात उतरतात. सकाळी एबल तिला सहज निरोप देऊ पाहतो. हा निरोप अनिमाला सहन होत नाही. ती त्याला बेशुद्ध करते आणि शुद्धीवर येतो तेव्हा तो पलंगाला बांधलेला असतो.

यानंतरचा प्रसंग चित्रपटाचा गाभा आहे. अनिमा त्याला त्याचीच 'ब्लाइंडिंग लाइट्स' आणि 'गॅसोलीन' ही गाणी ऐकवते, त्यांवर नाचते आणि त्यांतील शब्दांचा अर्थ त्याच्यापुढे मांडते. ज्या चालींवर जग थिरकते त्यांतील शब्द पोकळपणाचे, एकाकीपणाचे आणि इतरांना दुखावण्याचे आहेत, असे तिचे म्हणणे. बंदिवान कवीपुढे त्याच्याच रसिकाने मांडलेले हे काव्यपरीक्षण आहे. मित्राच्या शोधात आलेला ली तिच्या हातून मारला जातो. अखेर ती एबलवर इंधन ओतते, तेव्हा तो वाद्यांच्या साथीविना शीर्षकगीत गाऊ लागतो. शेवटी तो बंधनातून सुटतो आणि पुन्हा रंगमंचामागे दिसतो. त्यामुळे घडले ते प्रत्यक्ष की मनातले, हा प्रश्न मोकळाच राहतो.

'अनिमा' हे नाव अर्थातच सहेतुक आहे. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ आत्मा असा होतो, तर स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी पुरुषाच्या नेणिवेत वसणाऱ्या स्त्रीरूपासाठी ही संज्ञा वापरली. या अर्थाने पाहिल्यास हॉटेलच्या खोलीतील झगडा एकाच मनाच्या दोन भागांतील ठरतो. परंतु असा उलगडा स्वीकारला की अनिमा ही स्वतंत्र स्त्री उरत नाही. तिचे घर, तिचा भूतकाळ, तिने लावलेली आग यांचा पुढे पाठपुरावाही होत नाही. पटकथेतील ही मोठी उणीव होय.

निर्मिती आणि संगीत

शुल्ट्स यांनी यापूर्वी 'क्रिशा' (२०१५), 'इट कम्स ॲट नाइट' (२०१७) आणि 'वेव्हज' (२०१९) हे चित्रपट दिग्दर्शित केले होते. माणसाच्या मनातील घालमेल कॅमेऱ्याच्या हालचालींतून आणि ध्वनीतून दाखवण्याची त्यांची हातोटी येथेही दिसते. छायालेखन चेस अर्विन यांचे असून पार्श्वसंगीत तेस्फाये व डॅनियल लोपाटिन यांचे आहे.

चित्रपटाच्याच नावाचा २२ गीतांचा अल्बम ३१ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे चित्रपटाच्या साडेतीन महिने आधी प्रसिद्ध झाला. 'आफ्टर अवर्स' (२०२०) आणि 'डॉन एफएम' (२०२२) यांच्यासह होणाऱ्या अल्बम-त्रयीचा हा अखेरचा भाग. त्यातील शेवटचे गीत संपताना २०११ सालच्या पहिल्या संग्रहातील पहिल्या गाण्याशी जोडले जाते. 'द वीकेंड' हे नाव आता निवृत्त करण्याचा मानस तेस्फाये यांनी या काळात वारंवार बोलून दाखवला होता. एबलला जाळण्याच्या बेतात असलेली अनिमा हा त्याच विचाराचा दृश्य अवतार म्हणता येईल.

प्रदर्शन आणि प्रतिसाद

लायन्सगेट या कंपनीने १६ मे २०२५ रोजी हा १०५ मिनिटांचा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित केला. सुमारे दीड कोटी डॉलर निर्मितिखर्चाच्या तुलनेत त्याचे जगभरातील उत्पन्न सुमारे ७८ लाख डॉलर इतकेच झाले. बिलबोर्डच्या अल्बम-सूचीत पहिले स्थान मिळवणाऱ्या गीतसंग्रहाच्या श्रोत्यांपैकी फारच थोडे चित्रपटगृहापर्यंत पोहोचले, असा याचा अर्थ होतो.

समीक्षकांचे मत बहुतांशी प्रतिकूल होते. पाचांपैकी एकालाही तो भावला असे म्हणता येत नाही. आत्मपरीक्षणाच्या नावाखाली हा आत्मगौरवच आहे, हा प्रमुख आक्षेप. चाहत्याने आवडत्या कलावंताला डांबून ठेवण्याच्या कल्पनेमुळे अनेकांनी 'मिझरी' (१९९०) या चित्रपटाशी तुलना केली. छायालेखन, ध्वनी आणि ऑर्टेगा यांचा अभिनय यांची मात्र काहींनी प्रशंसा केली. आत्मगौरवाचा आक्षेप पूर्णतः न्याय्य नाही, कारण एबल हा उद्धट, भित्रा आणि इतरांना वापरून घेणारा म्हणूनच दाखवला आहे. अडचण निराळी आहे. त्याच्या दोषांची यादी अनिमा वाचून दाखवते खरी, पण ज्यांना त्या दोषांची झळ लागली त्यांपैकी ली मरतो आणि प्रेयसी फक्त फोनवरच्या आवाजापुरती उरते.