नवजात बाळाच्या आतड्यांचा एनईसी आजार: अँटिबायोटिक कशासाठी आणि किती दिवस?

कमी दिवसांचं बाळ एनआयसीयूत दोन-तीन आठवडे काढतं. वजन हळूहळू वाढायला लागतं, नळीतून दिलेलं दूध पचायला लागतं, घरचे जरा निर्धास्त होतात. आणि नेमकं तेव्हाच एखाद्या दिवशी पोट फुगतं, पोटातल्या नळीतून हिरवट पाणी येतं, शीमध्ये रक्त दिसतं. डॉक्टर दूध थांबवतात आणि सांगतात, एनईसीची शंका आहे.

एनईसी म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस. यात आतड्याच्या भिंतीला तीव्र सूज येते आणि तिचा काही भाग मरू लागतो. सर्वाधिक धोका १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांना असतो. ज्यांना हा आजार होतो त्यांच्यापैकी साधारण २० ते ३० टक्के बाळं दगावतात.

टायफॉइडला जसा एक ठरावीक जंतू असतो तसा एनईसीला नाही. अपुरी वाढ झालेलं आतडं, त्यातल्या जंतूंचं बिघडलेलं संतुलन, कमी पडणारा रक्तपुरवठा अशी बरीच कारणं एकत्र येतात. भिंतीला इजा झाली की आतड्यातलेच जंतू तिच्यात शिरतात आणि तिथे वायू तयार करतात. एक्स-रेमध्ये भिंतीत दिसणारे हे बुडबुडे म्हणजे एनईसीची ठळक खूण. पुढे जंतू रक्तात उतरले की सेप्सिस. अँटिबायोटिकचं काम त्यांना अडवण्याचं आहे. मेलेलं आतडं त्याने जिवंत होत नाही. म्हणून सोबत दूध बंद, पोट नळीने रिकामं ठेवणं आणि शिरेतून पोषण हे सगळं लागतं. आतड्याला छिद्र पडलं तर शस्त्रक्रिया करावी लागते, किंवा पोटात निचऱ्याची नळी घालावी लागते.

कोणता जंतू आहे हे कळेपर्यंत थांबता येत नाही, त्यामुळे रक्ताचं कल्चर घेऊन लगेच इंजेक्शनं सुरू होतात. अँपिसिलिन, जेंटामायसिन आणि मेट्रोनिडाझोल ही एक प्रचलित जोडणी. काही ठिकाणी पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम देतात. जेंटामायसिनचा परिणाम मूत्रपिंडावर आणि ऐकण्यावर होऊ शकतो, म्हणून डोस काटेकोर मोजावा लागतो. यातलं सर्वांत चांगलं कोणतं? गंमत म्हणजे ठाम उत्तर नाही. २०१२च्या कोक्रेन आढाव्यात या प्रश्नावर फक्त दोन लहान चाचण्या सापडल्या होत्या. त्यामुळे निवड बरीचशी त्या वॉर्डात कोणते जंतू आढळतात यावर ठरते.

भारतात हीच खरी अडचण. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तो सेप्सिसचा होता, पण एनईसीतही असेच जंतू रक्तात उतरतात. त्यात सापडलेल्या अॅसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के अनेक औषधांना दाद देत नव्हते. अशा वेळी मेरोपेनेमसारखी राखीव औषधं काढावी लागतात.

उपचार साधारण ७ ते १४ दिवस चालतो. शंका खोटी ठरली, म्हणजे पोट उतरलं, एक्स-रे आणि कल्चर स्वच्छ आले, तर डॉक्टर दोन-तीन दिवसांत औषध थांबवू शकतात. काही पालकांना हा हलगर्जीपणा वाटतो. तो नाही. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कल्चर स्वच्छ असूनही जन्मानंतर पाच किंवा जास्त दिवस अँटिबायोटिक मिळालेल्या अतिशय कमी वजनाच्या बाळांत एनईसी किंवा मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. हा फक्त संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण विनाकारण दिलेलं औषध आतड्यातले चांगले जंतूही मारतं.

धोका कमी करणारी सर्वांत भरवशाची गोष्ट आईचं दूध. ते नसेल तर दान केलेलं मानवी दूध. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली अशा दुधाची बँक सुरू केली. ती आशियातली पहिली मानली जाते.

आणि घरी असलेल्या नवजात बाळाला हिरवी उलटी झाली, मग ते पूर्ण दिवसांचं का असेना, तर घरातलं उरलेलं सिरप पाजू नका. आतड्याला पीळ पडला असला तरी अशीच उलटी होते. त्याच तासाला रुग्णालय गाठा.